पोटाचं वेळापत्रक

जठरात अन्नाचं काय होतं, हे डॉक्टरांनी प्रथम बारकाईनं पाहिलं ते एका पुरुषाच्या पोटात. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, केसाळ कातड्यांच्या व्यापाऱ्यांच्या दुकानात बंदुकीचा बार चुकून उडाला आणि अ‍ॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराच्या पोटाला भोक पडलं. तो वाचला; भोक मात्र कधी बुजलं नाही. लष्करातले डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी ही संधी साधली. रेशमी दोऱ्याला मांसाचे, पावाचे, कोबीचे तुकडे बांधायचे, भोकातून आत सोडायचे, काही वेळानं ओढून बाहेर काढायचे आणि किती विरघळलं ते टिपून ठेवायचं, असा उद्योग त्यांनी वर्षानुवर्षं केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १८३३ मध्ये निघालं. पुढे रशियात पावलोव यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून जठररसाची गणितं मांडली आणि १९०४ चं नोबेल मिळवलं.

या सगळ्यात बाई फारशी कुठे दिसत नाही. नंतरही बराच काळ दिसली नाही. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सूचनाच काढली, की ज्यांना मूल होऊ शकतं अशा स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये. पोटातल्या बाळाला धोका नको हा हेतू चांगलाच होता, पण त्यामुळे बाईच्या शरीरात ते औषध कसं वागतं हा प्रश्न अधांतरी राहिला. ती सूचना मागे घेतली गेली १९९३ मध्ये.

मोजमापं होऊ लागली तेव्हा जे दिसलं ते थोडक्यात असं. स्त्रीचं जठर पुरुषाच्या तुलनेत सरासरीनं सावकाश रिकामं होतं. मोठ्या आतड्यातून मल पुढे सरकायलाही जास्त वेळ लागतो. हे आतडं स्त्रियांमध्ये सरासरीनं थोडं लांब असतं आणि त्याचा आडवा भाग ओटीपोटात अधिक खोल उतरतो. म्हणून दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना बायकांची कोलोनोस्कोपी बऱ्याचदा अवघड जाते. त्याच ओटीपोटात गर्भाशय, बीजकोश, मूत्राशय आणि गुदाशय दाटीवाटीनं बसलेले असतात. एकाला झालेला त्रास दुसऱ्याच्या नावावर सहज खपतो.

त्यामुळे बाईच्या पोटाची तक्रार समजून घ्यायची तर ‘काय होतं?’ यापेक्षा ‘केव्हा होतं?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे, असं मला वाटतं. दुखणं, फुगणं, जळजळ, मळमळ ही उत्तरं सगळ्या आजारांत सारखीच येतात. पाळीच्या आधी, कामाच्या गडबडीत, नवी गोळी सुरू झाल्यावर, जिना चढताना, पन्नाशी उलटल्यावर, यातलं कुठलं उत्तर येतं त्यावर पुढची वाट ठरते.

महिन्याच्या वेळापत्रकापासून सुरुवात करू. पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलेलं असतं. गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवणं हे त्याचं काम, पण आतड्याचे स्नायूही त्याच जातीचे, तेही सैलावतात. पोट डब्ब होतं, परकराची नाडी किंवा जीन्सचं बटण घट्ट वाटतं, दोन-दोन दिवस पोट साफ होत नाही. मग प्रोजेस्टेरॉन उतरतं, पाळी सुरू होते आणि गर्भाशयाचं अस्तर प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सोडतं. गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून ती असतात. शेजारच्या आतड्यालाही त्यांचा धक्का बसतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशी मुरडा येऊन पातळ शौचाला होतं ते यामुळे. अनेक मुली वर्षानुवर्षं समजतात, की आपल्याला पाळीत बाहेरचं खाणं बाधतं. बिचाऱ्या पाणीपुरीचा काही दोष नसतो.

हेच चढउतार आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम असलेल्या बाईला चौपट जाणवतात. यात तपासणीत आतडं निरोगी दिसतं, पण त्याची हालचाल आणि त्याच्या मज्जातंतूंची संवेदना बिघडलेली असते. पोटात कळ येते, शौचाला जाऊन आल्यावर ती बदलते, कधी बद्धकोष्ठ तर कधी जुलाब. पाश्चात्त्य देशांत एका पुरुषामागे साधारण दोन स्त्रिया असं याचं प्रमाण. भारतातल्या रुग्णालयांमधल्या अभ्यासांत मात्र अनेकदा पुरुषच जास्त निघाले. आपल्या बायकांची आतडी वेगळी असतील का? असतीलही थोडी. पण पोटाच्या तज्ज्ञापर्यंत पोहोचायला दिवसभराची सुट्टी, सोबत आणि पैसे लागतात, आणि ‘गॅस झालाय’ एवढ्यासाठी ते तिघंही एकदम जमून येणं किती घरांत घडतं, हेही पाहायला हवं.

आयबीएसच्या औषधांची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अ‍ॅलोसेट्रॉन हे औषध फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, तेही फक्त स्त्रियांसाठी, कारण चाचण्यांत पुरुषांना त्याचा उपयोग दिसला नव्हता. काही महिन्यांतच आतड्याचा रक्तपुरवठा कमी होऊन दाह झाल्याच्या आणि तीव्र बद्धकोष्ठाच्या घटना पुढे आल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते बाजारातून काढलं गेलं. मग रुग्णांनीच ते परत मागितलं! २००२ मध्ये कडक अटींसह ते परत आलं. धोका माहीत असूनही बायका औषध मागत होत्या, यावरून ‘साध्या’ पोटदुखीनं त्यांचं जगणं किती आखडलं असेल याचा अंदाज यावा.

पण दर महिन्याला पाळीबरोबरच वाढणारी पोटदुखी, शौचाला बसताना खोल आत उठणारी कळ, शरीरसंबंधांच्या वेळी दुखणं, हे सगळं एकत्र असेल तर आयबीएसचं लेबल चिकटवण्याआधी एंडोमेट्रिऑसिसचा विचार व्हायला हवा. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, कधी थेट आतड्यावर वाढते. साध्या सोनोग्राफीत ती निसटू शकते. अशी मुलगी पोटाच्या डॉक्टरांकडून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आणि तिथून परत अशी फिरत राहते, आणि मधल्या काळात घरचे सांगतात, ‘लग्न झालं की थांबेल.’

आता बद्धकोष्ठ. स्त्रियांत ते पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळतं, आणि इथे संप्रेरकांइतकीच घराची घडी कारणीभूत असते. आधी मोजमाप स्पष्ट करू: दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही स्वाभाविक धरतात. रोज सकाळी झालंच पाहिजे असा नियम शरीरानं केलेला नाही. कुंथावं लागणं, खडे होणं, अर्धवट झाल्यासारखं वाटणं ही खरी लक्षणं.

मोठ्या आतड्याच्या सगळ्यात जोरदार लाटा सकाळी उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर येतात. नेमक्या त्याच वेळी आपल्याकडची बाई काय करत असते? नळाचं पाणी जाण्याआधी भरून घ्यायचं, पोळ्या लाटायच्या, तीन प्रकारचे तीन डबे, मुलांची रिक्षा, सासऱ्यांचा चहा, आणि सव्वाआठची लोकल. पोळी तव्यावर असताना आलेली कळ ती दाबते. बाथरूम मोकळं होईपर्यंत ती कळ विरून जाते. गुदाशयाचं असं आहे, की त्याची हाक पुन्हापुन्हा टाळली तर ते ताणून घेतं आणि पुढच्या वेळी आणखी भरल्याशिवाय हाक देत नाही. मल आत जितका थांबतो तितकं आतडं त्यातलं पाणी शोषून घेतं. काही वर्षांनी बाई सांगते, ‘मला भावनाच होत नाही.’ हा स्वभाव नव्हे, हे तिच्या शरीराला लावलेलं वळण आहे.

घराबाहेर हाल निराळे. जिथे स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह मिळेल याची खात्री नाही तिथे बायका पाणीच पीत नाहीत. बाजारात बसणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या, वाहतूक पोलीस, एसटीच्या कंडक्टर, सगळ्यांचा हिशेब तोच. मुंबईत २०११ च्या सुमारास ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू झाली ती मुतारीच्या हक्कासाठी. पुरुषांना सार्वजनिक मुताऱ्या फुकट आणि बायकांकडून पैसे, हा तिचा एक कळीचा मुद्दा होता. तिची चर्चा लघवीच्या संसर्गाभोवती फिरली, पण त्याच कोरड्या दिवसाची किंमत आतडंही मोजतं.

ताटाचाही प्रश्न आहेच. प्रौढ माणसाला दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू लागतात. सगळ्यांना वाढून शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला कोशिंबीर उरलेली नसते, पालेभाजीचा रस्सा तेवढा असतो. मग भात आणि आमटीवर भागतं. शहरात ज्वारीची भाकरी आठवड्यातून एखाद्या वारावर आली आहे, तीही रोजची असती तर बराच फरक पडला असता. उपवासाच्या दिवशी तर साबुदाणा. तो कसाव्याच्या कंदातला निव्वळ स्टार्च, तंतू जवळजवळ शून्य. महिन्यात दोन एकादश्या, एक संकष्टी, शिवाय एखादा वार धरणारी बाई महिन्यातले सात-आठ दिवस तंतूविना काढते. उपवास करूच नये असं मी म्हणत नाही. राजगिरा, रताळं, फळं, भोपळ्याची भाजी याच उपवासात बसतात, आणि पोटाला परवडतात.

त्यावर येतात गोळ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गर्भवतीला सरकारी कार्यक्रमातून रोज ६० मिलिग्रॅम लोहाची गोळी १८० दिवस देतात, बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. या गोळीनं मल काळा होतो, घट्ट होतो, कुणाला मळमळतं, आणि मग आशाताईंनी आणून दिलेली पाकिटं गादीखाली जातात. काळा रंग घाबरण्यासारखा नाही, हे आधीच सांगितलं तर निम्मी भीती जाते. गोळी चहाबरोबर घेतली तर चहातली टॅनिनं लोह अडवतात. लिंबू-पाण्याबरोबर ते चांगलं शोषलं जातं. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये, आणि तीही पोट जड करते. गोळी बंद करण्याऐवजी डॉक्टरांकडून वेळ किंवा प्रकार बदलून घेणं शहाणपणाचं; गर्भारपणात तर नक्कीच.

इसबगोल स्वस्त आणि चांगला, पण तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यायचा. कोरडा घेतला तर उलट बूच बसतं. आणि बद्धकोष्ठ अलीकडेच सुरू झालं असेल, सोबत वजन वाढतंय, थंडी सोसत नाही, केस गळताहेत असं असेल तर थायरॉईडची तपासणी करावी. तो बिघाडही बायकांतच जास्त.

एक प्रकार असा आहे की त्यात इसबगोल, पपई, एरंडेल काहीच चालत नाही. मल खाली आलेला असतो, पण दार उघडत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू शौचाच्या वेळी सैल व्हायच्या ऐवजी आवळले जातात. काही बायकांना बोटानं दाबून मल काढावा लागतो, आणि हे त्या सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. बायोफीडबॅक या पद्धतीनं हे स्नायू पुन्हा शिकवता येतात. रुग्ण पडद्यावर स्वतःच्या स्नायूंची हालचाल बघते आणि सैल सोडायचा सराव करते. गुडघे धरल्यावर भारतीय बैठक सुटून कमोड आलेल्या बायकांनी पायाखाली छोटा पाट घेतला तरी गुदमार्गाचा कोन सरळ होऊन सोपं जातं.

याच्या उलट दुखणं बाळंतपणानंतरचं. प्रसूतीत गुदद्वाराभोवतीच्या स्नायूला चीर गेली असेल तर वारा किंवा मल धरवत नाही. कधी हे लगेच कळतं, कधी वीस वर्षांनी, पाळी गेल्यावर. बाई लग्नाकार्याला जाणं टाळते, प्रवास टाळते, देवळात मागे बसते. घरच्यांना वाटतं, हिला माणसांत मिसळायला आवडत नाही. व्यायामानं, बायोफीडबॅकनं, काही वेळा शस्त्रक्रियेनं यात खूप सुधारणा होते, पण डॉक्टरांनी स्वतःहून विचारल्याशिवाय ही तक्रार बाहेर येत नाही. आणि बहुतेक डॉक्टर विचारत नाहीत.

गर्भारपणातल्या जळजळीबद्दल फार लिहायला नको, ती जवळजवळ प्रत्येकीला ठाऊक असते: प्रोजेस्टेरॉन अन्ननलिकेच्या खालची झडप सैल करतं, वाढतं गर्भाशय खालून ढकलतं. थोडं-थोडं खावं, जेवून लगेच आडवं होऊ नये, डावी कूस धरावी. ध्यानात ठेवायची गोष्ट दुसरी आहे. शेवटच्या तिमाहीत पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजू लागले, विशेषतः रात्री, तर ते ‘कातडी ताणली जातेय म्हणून’ असं समजून खोबरेल लावत बसू नये. यकृतातून पित्ताचा निचरा मंदावल्याची ती खूण असू शकते. रक्तातली पित्ताम्लं तपासतात. ती फार वाढली तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो.

पित्ताशयातले खडेही बायकांना पुरुषांपेक्षा दुप्पट-तिप्पट होतात. इस्ट्रोजेनमुळे पित्तात कोलेस्टेरॉल वाढतं, प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय आळसावतं, साठलेल्या पित्तात खडे धरतात. प्रत्येक गर्भारपण ही शक्यता थोडी वाढवतं. झपाट्यानं वजन उतरवलं तरी वाढते. लग्नाआधी दोन महिन्यांत पंधरा किलो उतरवून देणाऱ्यांच्या जाहिरातीत हे लिहिलेलं नसतं. दुखणं ओळखू येतं ते वेळेवरून: तेलकट, जड जेवणानंतर किंवा मध्यरात्री, बरगड्यांखाली उजवीकडे किंवा मधोमध, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत एकसारखं, कधी उजव्या खांद्याच्या पाठीमागे जाणारं. सोबत ताप किंवा कावीळ असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

सोनोग्राफीत अचानक सापडलेले, कधी न दुखलेले खडे बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाहीत. ते सहसा तसेच सोडतात. दुखू लागले तर पित्ताशय काढणं हाच टिकाऊ उपाय. कुळथाच्या काढ्याचं नाव मुतखड्यासाठी घेतात, पित्ताचे खडे त्यानं विरघळत नाहीत. सफरचंदाचा रस आणि ऑलिव्ह तेल पिऊन हिरवे गोळे पडल्याचे फोटो फिरतात, ते गोळे म्हणजे त्याच तेलाचा आतड्यात झालेला साबण. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातली पहिली शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी केली. श्रीमंत देशांतलं हे तंत्र सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णाला जास्त उपयोगी आहे, कारण त्याला लवकर कामावर परतायचं असतं, असं ते सांगत. घरकामाला जाणाऱ्या बाईच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे.

राहिली अ‍ॅसिडिटी. पहाटे उठून रिकाम्या पोटी दोन कप चहा, अकरापर्यंत काही नाही, रात्री सगळं आवरून साडेदहाला जेवण आणि लगेच अंथरूण. जळजळ व्हायला आणखी वेगळं कारण लागत नाही. गुडघेदुखी, कंबरदुखी, पाळीची कळ यांसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराचं अस्तर सोलवटतात ते वेगळंच. आपल्याकडे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतूही फार जणांच्या जठरात असतो. १९८० च्या दशकात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्याचा अल्सरशी संबंध दाखवला, त्यासाठी मार्शल यांनी स्वतः तो जंतू पिऊन पाहिला. दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. अल्सर वारंवार होत असेल तर हा जंतू तपासून प्रतिजैविकांनी काढता येतो.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या जेवणाआधी अर्धा तास घेतल्या तर चांगलं काम करतात. मात्र आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेली गोळी आठ वर्षं चालू राहिलेली अनेक घरांत सापडेल. दीर्घकाळ आम्ल दाबलं की बी-१२ नीट शोषलं जात नाही, आणि शाकाहारी बाईच्या आहारात ते आधीच तोकडं असतं. हातापायांना मुंग्या येतात, आणि त्याचा संबंध पोटाच्या गोळीशी असेल हे कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आणि जी ‘अ‍ॅसिडिटी’ जिना चढताना, भरलेली पिशवी उचलताना येते आणि थांबलं की जाते, ती पोटाची नसण्याची शक्यता मोठी. बायकांच्या हृदयविकारात छातीत दुखण्याच्या बरोबरीनं, कधी त्याच्याऐवजी, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, दम लागणं, घाम आणि विलक्षण थकवा दिसतो. मधुमेह असेल तर जास्तच. अचानक असं झालं तर सोडा पिऊन वाट बघू नये, ईसीजी काढावा.

पाळी थांबल्यावर ‘केव्हा’ या प्रश्नाचं वजन वाढतं. तोवर रक्तक्षय पाळीच्या खात्यावर टाकता येत होता. आता लोह कमी असेल तर ते कुठून गळतंय हे शोधायला हवं, आणि त्यासाठी जठराची व मोठ्या आतड्याची दुर्बिणीनं तपासणी करतात. शौचावाटे रक्त जात असेल तर ‘मूळव्याधच आहे, आईलाही होती’ म्हणून सोडून देऊ नये. पोट सतत फुगलेलं राहणं, दोन घासांत भरल्यासारखं वाटणं, लघवीला सारखं जावंसं वाटणं, हे महिन्यातून बाराहून अधिक वेळा होत असेल तर बीजकोशाच्या कर्करोगाची शंका घ्यावी, असं ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य मार्गदर्शक संस्थेनं २०११ मध्ये डॉक्टरांना बजावलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच आयबीएससारखी लक्षणं दिसणाऱ्या बाईलाही हेच लागू, कारण त्या वयात आयबीएस नव्यानं सुरू होणं विरळा. आधी सीए-१२५ ही रक्ततपासणी करतात, ती वाढलेली आली तर ओटीपोटाची सोनोग्राफी.